बर्फ, संप आणि पाच बरो : न्यूयॉर्कची १९६९ची महापौर निवडणूक

१७ जून १९६९च्या रात्री न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे आपल्याच पक्षात हरले. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात, म्हणजे प्रायमरीत, स्टेटन आयलंडचे राज्य सिनेटर जॉन मार्की यांनी त्यांना सुमारे सहा हजार मतांनी मागे टाकलं. चार वर्षांपूर्वी याच लिंडसेंकडे अमेरिकेचे भावी राष्ट्राध्यक्ष म्हणून बघितलं जात होतं. आता घरच्याच पक्षाने त्यांना दार दाखवलं होतं, आणि शहरातल्या निम्म्याअधिक वस्त्यांमध्ये त्यांचं नाव काढलं की लोक संतापत होते. पण त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला मतमोजणी झाली तेव्हा महापौरपदी पुन्हा लिंडसेच निवडून आले. पक्षाने नाकारलेला हा माणूस साडेचार महिन्यांत कसा सावरला आणि त्या विजयाची किंमत शहराने पुढे कशी मोजली, याची हकिकत त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या दुखण्यांमधूनच उलगडते.

मुंबईचा महापौर नगरसेवक निवडतात आणि १८८८च्या कायद्यापासून कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हातात आहेत. न्यूयॉर्कची रीत वेगळी. तिथे महापौराला नागरिक थेट मत देतात, मुदत चार वर्षांची असते, आणि पोलीस, अग्निशमन, सफाई, उद्यानं अशा खात्यांचे प्रमुख तोच नेमतो. त्यामुळे गल्लीतला कचरा पडून राहिला की लोक थेट महापौराला जाब विचारतात. १९७०च्या सुमारास या शहरात सुमारे ७९ लाख माणसं राहत होती. शहराचे पाच भाग, त्यांना बरो म्हणतात. त्यांपैकी मॅनहॅटनमध्ये बँका, नाट्यगृहं, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय. उरलेल्या चार बरोंत, म्हणजे ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंडमध्ये, शहर चालवणारी बहुसंख्य माणसं: पोलीस, शिक्षक, दुकानदार, कारकून, बांधकामावरचे कामगार. आयरिश, इटालियन आणि ज्यू कुटुंबांनी तिथे पै-पै जोडून लहान घरं घेतली होती. कर आपण भरायचा आणि लखलखाट मॅनहॅटनचा, ही सल तिथे जुनी होती.

लिंडसे त्या मॅनहॅटनचे होते. १९२१चा जन्म, येल विद्यापीठातलं शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा, मग वकिली. सहा फुटांहून उंच, देखणे, बोलण्यात सफाई. १९५८ मध्ये ते मॅनहॅटनच्या सधन पूर्व भागातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. पक्षाने रिपब्लिकन असले तरी नागरी हक्कांच्या प्रश्नावर ते उदारमतवादी होते, आणि १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या आपल्याच पक्षाच्या बॅरी गोल्डवॉटर यांना त्यांनी पाठिंबा दिला नाही. १९६५ साली ते महापौरपदासाठी उभे राहिले तेव्हा वीस वर्षं हे पद डेमोक्रॅटिक पक्षाकडेच होतं. डेमोक्रॅट एब बीम आणि कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे लेखक-संपादक विल्यम बकली यांच्याविरुद्ध सुमारे ४५ टक्के मतं मिळवून लिंडसे जिंकले. थकलेल्या शहराला तरतरीत माणूस मिळाला, असा सूर तेव्हा लागला होता.

हनिमूनचा एक दिवसही त्यांच्या वाट्याला आला नाही. १ जानेवारी १९६६ला पहाटे, पदभार घेण्याच्याच दिवशी, भुयारी रेल्वे आणि बस कामगारांनी संप पुकारला. त्यांचे नेते माइक क्विल म्हणजे आयर्लंडमधून आलेले, जुन्या लढ्यांत तावून निघालेले पुढारी. नव्या महापौराच्या उच्चभ्रू वळणाची त्यांना मनस्वी चीड होती, आणि ते त्यांचं नावही मुद्दाम चुकीचं उच्चारत. न्यायालयाचा मनाई हुकूम मोडल्याबद्दल क्विल तुरुंगात गेले, तिथून हृदयविकारामुळे रुग्णालयात. बारा दिवस शहराची चाकं थांबली. लिंडसे हॉटेलातून पायी सिटी हॉलला जात राहिले. शेवटी कामगारांच्या पदरात घसघशीत पगारवाढ पडली. क्विल त्याच महिन्यात वारले. इतर कामगार संघटनांनी मात्र या तडजोडीतून एक हिशेब मनाशी बांधला: हा महापौर आधी ताणतो आणि मग देतो.

पुढची तीन वर्षं त्या हिशेबाप्रमाणेच गेली. १९६६ मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी लिंडसेंनी नागरिकांचा समावेश असलेलं मंडळ नेमलं. काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्यांत पोलिसी मारहाणीच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत होत्या, त्यांना दाद मिळावी हा हेतू. पोलिसांच्या संघटनेने त्यावर सार्वमत घडवून आणलं आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ६३ टक्के मतदारांनी ते मंडळ मोडीत काढलं. बाहेरच्या बरोंतल्या गोऱ्या मतदारांच्या लेखी महापौर पोलिसांच्या विरोधात उभा होता. त्याच वर्षी शहराने पहिल्यांदा रहिवाशांवर आयकर बसवला. फेब्रुवारी १९६८ मध्ये सफाई कामगार नऊ दिवस संपावर गेले, आणि पदपथांवर सुमारे एक लाख टन कचरा साचला. लिंडसेंनी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याकडे नॅशनल गार्डच्या सैनिकांची मागणी केली. रॉकफेलरांनी नकार देऊन स्वतःच संप मिटवला.

या काळात लिंडसेंच्या खात्यावर जमेची एक मोठी बाजूही होती. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग पेटला, १९६७ मध्ये नेवार्क आणि डेट्रॉइट जळाले. या दंगलींची कारणं शोधण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाचे लिंडसे उपाध्यक्ष होते. काळ्या आणि गोऱ्या अशा दोन वेगळ्या, असमान समाजांकडे अमेरिका निघाली आहे, असा इशारा आयोगाने १९६८च्या फेब्रुवारीअखेर दिला. पाचच आठवड्यांनी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. शंभरहून अधिक शहरांत आगी भडकल्या. त्या रात्री लिंडसे हार्लेमच्या रस्त्यांवर गेले आणि शोकाने, रागाने बाहेर पडलेल्या लोकांमध्ये चालत राहिले. न्यूयॉर्कमध्येही लुटालूट झाली, पण वॉशिंग्टन किंवा शिकागोसारखा वणवा पेटला नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यांतही ते शर्टाच्या बाह्या सारून गरीब वस्त्यांमधून हिंडले होते. मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये मात्र याच गोष्टीचा वेगळा अर्थ निघे: महापौर तिकडे जातो, आमच्याकडे कधी फिरकत नाही.

सगळ्यात खोल जखम शाळांच्या संपाने केली. ब्रुकलिनमधल्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या प्रामुख्याने काळ्या आणि पोर्तो रिकन वस्तीत १९६७ पासून एक प्रयोग सुरू होता. शाळांचा कारभार स्थानिक मंडळाने चालवायचा, अशी ही कल्पना. शिक्षण खात्याच्या अजस्र यंत्रणेत आपल्या मुलांकडे कुणी बघत नाही, ही पालकांची तक्रार खरी होती आणि लिंडसेंनी प्रयोगाला पाठबळ दिलं. मे १९६८ मध्ये स्थानिक प्रशासक रोडी मकॉय यांच्या मंडळाने १९ शिक्षक-मुख्याध्यापकांना दुसरीकडे जाण्याच्या चिठ्ठ्या दिल्या. त्यांतले बहुतेक ज्यू होते. शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी हा नोकरीच्या सुरक्षिततेवरचा घाला मानला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तीनदा संप झाला, शाळेचे ३६ दिवस बुडाले आणि दहा लाखांहून अधिक मुलं घरी बसली. ज्यूद्वेषी मजकुराची पत्रकं फिरली, संघटनेने तीच पुन्हा छापून वाटली. नागरी हक्कांच्या लढ्यात कालपर्यंत खांद्याला खांदा लावून चाललेले दोन समाज समोरासमोर उभे ठाकले. ब्रुकलिनच्या मिडवुड भागातल्या सिनेगॉगमध्ये लिंडसे समजूत घालायला गेले, तर लोकांनी आरडाओरडा करून त्यांना बोलू दिलं नाही. १९६५ मध्ये ज्यांच्या मतांनी ते निवडून आले होते, त्यांतले बरेच जण त्या सभागृहात होते.

अशा तापलेल्या शहरावर रविवारी, ९ फेब्रुवारी १९६९ला बर्फ पडलं.

हवामान खात्याचा अंदाज किरकोळ बर्फ आणि मग पावसाचा होता. प्रत्यक्षात सोमवारपर्यंत सेंट्रल पार्कमध्ये १५ इंचांचा थर साचला, क्वीन्सच्या काही भागांत त्याहून जास्त. बर्फ हटवण्याचं काम सफाई खात्याकडे, आणि त्याची जवळपास ४० टक्के यंत्रसामग्री नादुरुस्त होती. मॅनहॅटनचे मुख्य रस्ते लवकर मोकळे झाले. क्वीन्समधल्या आतल्या गल्ल्यांमध्ये कित्येक दिवस बर्फ सारणारा नांगर फिरला नाही. बस बंद, दुकानांत दूध नाही, कचरा जागच्या जागी. वादळात शहरातली ४२ माणसं दगावली, त्यांतली निम्मी क्वीन्समधली. संयुक्त राष्ट्रसंघाचे ज्येष्ठ अधिकारी आणि नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी राल्फ बंच क्वीन्समध्येच राहत. आपला भाग असा वाऱ्यावर सोडल्याबद्दल त्यांनीही तार करून महापौरांकडे निषेध नोंदवला.

तीन दिवसांनी लिंडसे क्वीन्सला निघाले. रेगो पार्कमध्ये त्यांची मोटार बर्फात रुतली. मग चारही चाकांना जोर असलेली गाडी मागवली, तिचीही वाट बिकट झाली. जिथे पोचले तिथे बायका-पुरुष खिडक्यांतून, दारांतून त्यांच्यावर ओरडत होते. लाज वाटायला हवी, असं एका बाईने त्यांना तोंडावर सुनावलं, आणि ते शब्द बातम्यांमधून शहरभर गेले. बर्फ चार दिवसांत वितळतं. पण संप, कर, शाळा, पोलीस या सगळ्यांवरचा साचलेला राग दाखवायला लोकांना या वादळाने एक साधं, कुणालाही पटणारं कारण मिळवून दिलं: आमच्या गल्लीत नांगर आला नाही.

चार महिन्यांनी आलेला प्रायमरीचा कौल याच रागातून आला होता. मार्की शांत, अभ्यासू, पुराणमतवादी गृहस्थ होते. स्टेटन आयलंड हा पाचांतला लोकसंख्येने सगळ्यात छोटा आणि सगळ्यात दुर्लक्षित बरो, तिथून १९५७ पासून ते राज्य सिनेटमध्ये होते. कॉन्झर्वेटिव्ह पक्षही त्यांच्यामागे उभा राहिला. डेमोक्रॅट मतदारांची संख्या शहरात रिपब्लिकनांच्या कितीतरी पट, म्हणून त्या पक्षाचा उमेदवार हाच पुढचा महापौर असा सर्वांचा होरा होता. तिथे पाच जण रिंगणात उतरले. माजी महापौर रॉबर्ट वॅग्नर तीन मुदतींच्या अनुभवावर उभे होते. पोर्तो रिकन समाजातले पहिले मोठे नेते, ब्राँक्सचे बरो अध्यक्ष हर्मन बदियो हे उदारमतवादी. काँग्रेस सदस्य जेम्स शॉयर त्याच मतांवर हक्क सांगत होते. कादंबरीकार नॉर्मन मेलर पत्रकार जिमी ब्रेस्लिन यांना जोडीला घेऊन उभे होते. न्यूयॉर्क शहराचं अमेरिकेतलं ५१वं राज्य करावं, ही त्यांची मुख्य मागणी. आणि पाचवे शहराचे कॉम्प्ट्रोलर, म्हणजे हिशेबप्रमुख, मारिओ प्रोकाचिनो. कायदा-सुव्यवस्थेवर बोलणारे तेच एकटे होते. उदारमतवाद्यांची मतं चौघांत वाटली गेली आणि प्रोकाचिनो जेमतेम ३३ टक्क्यांवर उमेदवार ठरले.

प्रोकाचिनो इटलीतल्या बिसाच्चा गावी जन्मले आणि नऊ वर्षांचे असताना अमेरिकेला आले. चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या बापाचा हा मुलगा वकील झाला, न्यायाधीश झाला, कॉम्प्ट्रोलर झाला. बुटके, मिशीवाले, चटकन गहिवरणारे प्रोकाचिनो ब्राँक्समधल्या माणसाला आपल्यातले वाटत. रात्री भुयारी रेल्वेने घरी यायला बायका घाबरतात, हे ते सभांमध्ये सांगत तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात स्वतःचा अनुभव दिसे. त्या वर्षी शहरात हजाराहून अधिक खून झाले, भीती काल्पनिक नव्हती. लिंडसे आणि त्यांच्या धनाढ्य पाठीराख्यांना त्यांनी ‘लिमोझीन लिबरल’ म्हटलं: गरिबांच्या बाजूने बोलायचं, आणि त्या धोरणांचा भार मात्र मधल्या माणसाने उचलायचा, अशी ही मंडळी. अमेरिकेच्या राजकारणात हे बिरुद आजही वापरात आहे.

लिंडसेंचा पुढचा मार्ग न्यूयॉर्कच्या निवडणूक कायद्यातल्या एका तरतुदीने मोकळा ठेवला. या राज्यात एकाच उमेदवाराला अनेक पक्ष तिकीट देऊ शकतात आणि त्या सगळ्या चिन्हांखालची मतं एकत्र मोजली जातात. लिंडसेंना रिपब्लिकनांनी नाकारलं, पण लिबरल पक्षाची उमेदवारी त्यांच्याकडे होतीच. टोपी बनवणाऱ्या कामगारांच्या संघटनेतून पुढे आलेले ॲलेक्स रोझ हे या लहान पक्षाचे धुरंधर सूत्रधार. मतपत्रिकेवरची ती एक ओळ लिंडसेंच्या राजकारणाचा श्वास ठरली. त्यातून एक अनपेक्षित लाभही झाला. रिपब्लिकन शिक्का गळून पडल्यामुळे ज्या डेमोक्रॅटांना प्रोकाचिनो पसंत नव्हते त्यांना लिंडसेंकडे येणं सोपं झालं. बदियोंनी लिंडसेंना पाठिंबा जाहीर केला. उजवीकडची मतं मात्र प्रोकाचिनो आणि मार्की यांच्यात विभागली जाणार होती. ४० टक्क्यांच्या आसपास पोचलं तरी निवडून येता येईल, हे लिंडसेंचे प्रचारप्रमुख रिचर्ड ऑरेलिओ यांना कळत होतं.

पण तेवढी मतं मिळवायलाही क्वीन्स आणि ब्रुकलिनमध्ये माफी मागितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. जाहिरातींचं काम डेव्हिड गार्थ यांच्याकडे होतं. त्यांनी केलेल्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत लिंडसे थेट कॅमेऱ्याकडे पाहत बोलतात. बर्फाचा अंदाज आपण चुकलो, शाळांचा संप फार लांबला आणि त्यात सर्वांच्या चुका झाल्या, हे ते आधी कबूल करतात. मग वाढवलेले पोलीस, आलेल्या नोकऱ्या आणि टळलेल्या दंगली मोजून दाखवतात आणि ही महापौरकी देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं अवघड काम असल्याचं सांगतात. पदावरच्या पुढाऱ्याने मतं मागताना आधी स्वतःच्या चुका मोजणं त्या काळी फारसं कुणी ऐकलं नव्हतं. हीच जाहिरात पुढे अमेरिकेतल्या प्रचारतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा अभ्यासली. तिच्या जोडीला लिंडसेंनी पायपीटही केली. एकामागून एक सिनेगॉगांत ते गेले, शिव्या ऐकल्या, शाळांच्या संपाबद्दलचे प्रश्न अंगावर घेतले. सप्टेंबरअखेर इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मायर न्यूयॉर्कला आल्या तेव्हा सुक्कोथ या ज्यू सणाचा मोठा मांडव घालून ब्रुकलिन म्युझियममध्ये त्यांना शहराने मेजवानी दिली. तिचं यजमानपद अर्थातच महापौरांकडे होतं.

प्रतिस्पर्ध्यांनीही लिंडसेंना हात दिला. उन्हाळ्यात पारडं जड असलेले प्रोकाचिनो शरद ऋतूत घसरत गेले. काळ्या श्रोत्यांसमोर आपलं हृदयही त्यांच्याइतकंच काळं आहे, असं ते बोलून गेल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्यांची थट्टा झाली. वादविवादांत ते चिडत. पैसाही कमी पडला. मार्की संयमाने बोलत राहिले. वंशद्वेषाची भाषा त्यांनी वापरली नाही आणि आपला पाव हिस्सा मतदार अखेरपर्यंत धरून ठेवला. ते उभे राहिले नसते तर त्यांतली बहुतेक मतं प्रोकाचिनोंकडे गेली असती.

ऑक्टोबरमध्ये दोन घटनांनी शहराची नजर वेगळ्या दिशेला वळली. १५ ऑक्टोबरला देशभर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निदर्शनं झाली. लिंडसेंनी तो दिवस शोकदिन म्हणून जाहीर करून शहराच्या इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवायला सांगितले. पोलीस आणि अग्निशमन दलातल्या अनेकांना ते सहन झालं नाही, पण युद्धविरोधी तरुण आणि सुशिक्षित वर्ग लिंडसेंच्या मागे घट्ट उभा राहिला. महापौरपदाची निवडणूक युद्धावरच्या मतासारखी झाली की बर्फ आणि कचरा मागे पडतो, हे त्यांच्या सल्लागारांना ठाऊक होतं.

दुसरी घटना मैदानावरची. न्यूयॉर्क मेट्स हा बेसबॉलचा संघ १९६२ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरला. तेव्हापासून तो शहराच्या प्रेमळ चेष्टेचा विषय होता. त्याचं मैदान शी स्टेडियम, क्वीन्समध्ये. १९६९ मध्ये हा संघ जिंकतच सुटला. ६ ऑक्टोबरला नॅशनल लीगचं विजेतेपद मिळाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंनी लिंडसेंच्या डोक्यावर शॅम्पेन ओतली. ओले, हसरे महापौर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकले. १६ ऑक्टोबरला मेट्सनी बाल्टिमोर ओरिओल्सना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि २० तारखेला ब्रॉडवेवर कागदाच्या चिटोऱ्यांच्या पावसात त्यांची मिरवणूक निघाली. ज्या बरोमध्ये फेब्रुवारीत गाडी रुतली होती, त्याच बरोच्या संघाबरोबर लिंडसे आता आनंदात न्हात होते. खेळाने किती मतं फिरली हे मोजता येत नाही. शहराचा मूड निवडणुकीच्या दोन आठवडे आधी बदलला होता, हे मात्र त्या काळच्या सगळ्याच वार्तांकनातून दिसतं.

४ नोव्हेंबरला लिंडसेंना सुमारे ४२ टक्के मतं पडली, प्रोकाचिनोंना सुमारे ३५ आणि मार्कींना जवळजवळ २३. विरोधातली दोन्ही मतं मिळवली तर महापौर नको म्हणणारे स्पष्ट बहुमतात होते. मॅनहॅटनने लिंडसेंना भरभरून दिलं, काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्या ठामपणे त्यांच्याबरोबर राहिल्या, ज्यू मतं दुभंगली. ब्रुकलिन आणि ब्राँक्स प्रोकाचिनोंकडे गेले, स्टेटन आयलंड मार्कींकडे. क्वीन्समध्ये, बर्फात अडकलेल्या त्या क्वीन्समध्ये, लिंडसे अगदी थोडक्या मतांनी पुढे राहिले. माफीचा परिणाम झाला होता, पण तिथल्या तिघांपैकी दोघा मतदारांनी तरीही दुसऱ्याच कुणाला मत दिलं होतं.

हे गणित दुसऱ्या मुदतीत पदोपदी आडवं आलं. केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांत मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी ८ मे १९७० रोजी वॉल स्ट्रीटजवळ निदर्शनं चालू होती. शेकडो बांधकाम कामगार डोक्यावरच्या शिरस्त्राणांसह त्यांवर चालून गेले, तरुणांना त्यांनी मारहाण केली आणि मग सिटी हॉलवर धडकून अर्ध्यावर उतरवलेला झेंडा पुन्हा वर चढवायला लावला. त्यांचा राग विद्यार्थ्यांइतकाच लिंडसेंवरही होता. क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्समध्ये गरीब कुटुंबांसाठी २४ मजल्यांच्या तीन इमारती बांधण्याच्या योजनेला १९७१ मध्ये मोठा विरोध झाला. तडजोडीसाठी लिंडसेंनी मारिओ कुओमो या क्वीन्सच्या वकिलाला नेमलं आणि इमारतींची उंची निम्म्यावर आली. या मध्यस्थीतून कुओमोंची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली, आणि पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले. लिंडसे १९७१ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात गेले, १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले आणि फ्लॉरिडा व विस्कॉन्सिनमध्ये हरून बाहेर पडले. १९७३ मध्ये त्यांनी तिसरी मुदत मागितली नाही.

सगळ्यात जड वारसा पैशाचा होता. पगारवाढीचे करार, गरिबांसाठीची मदत, वाढलेल्या सेवा यांमुळे लिंडसेंच्या आठ वर्षांत शहराचा अर्थसंकल्प दुपटीहून अधिक फुगला. कारखाने आणि मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांकडे जात होती, उत्पन्न त्या वेगाने वाढत नव्हतं, आणि फरक अल्पमुदतीच्या कर्जांनी भरला जात होता. ही सवय वॅग्नर यांच्या काळात सुरू झाली होती, राज्य सरकारनेही ती चालू दिली आणि लिंडसेंनंतर महापौर झालेले बीम स्वतः दोन मुदती कॉम्प्ट्रोलर होते. सगळा दोष एकट्या लिंडसेंच्या माथी मारणं न्याय्य नाही. पण संप टाळण्यासाठी दिलेला प्रत्येक डॉलर याच कर्जात मिसळला. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर पोचलं तेव्हा महापौर होते एब बीम, १९६५ मध्ये लिंडसेंनी हरवलेले. पोलीस, शिक्षक, सफाई कामगार हजारोंनी कमी करावे लागले.

तरीही १९६९चा निकाल निव्वळ मतविभागणीचा खेळ म्हणून बाजूला सारता येत नाही. वंशाच्या प्रश्नावर अमेरिकेतली शहरं जळत असताना एका गोऱ्या महापौराने गरीब वस्त्यांना वारंवार भेटी दिल्या, आणि त्याच मुद्द्यावर त्याच्याविरुद्ध वातावरण तापलेलं असूनही तो पुन्हा निवडून आला. हार्लेममध्ये त्याचं मोल ओळखलं गेलं. पण क्वीन्समधल्या शिक्षिकेची आणि ब्रुकलिनमधल्या पोलिसाची तक्रारही तितकीच खरी होती, आणि तिच्याकडे लक्ष द्यायला लिंडसेंना एक बर्फाचं वादळ आणि एक पराभव लागला. तोवर गरीब वस्त्यांच्या आणि मध्यमवर्गाच्या तक्रारी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या गेल्या होत्या. हे विभाजन शहराच्या पुढच्या दोन दशकांच्या राजकारणात टिकून राहिलं.

या निवडणुकीचा एक धडा इतर शहरांच्या महापौरांच्याही मनावर कोरला गेला. १९७९ मध्ये शिकागोत प्रचंड बर्फवृष्टीनंतर रस्ते साफ करण्यात दिरंगाई झाली आणि महापौर मायकल बिलँडिक फेब्रुवारीतल्या प्रायमरीत जेन बर्न यांच्याकडून हरले. न्यूयॉर्कमध्ये आजही मोठं बर्फ पडलं की क्वीन्समध्ये नांगर केव्हा पोचला, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. स्टेटन आयलंडची नाराजीही कायम राहिली. मार्की २००६ पर्यंत राज्य सिनेटमध्ये होते आणि आपला बरो शहरापासून वेगळा काढण्याची मागणी त्यांनी लावून धरली. १९९३च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी फुटून निघण्याला कौल दिला. राज्य विधिमंडळात ती मागणी अडली.

आणि प्रोकाचिनोंच्या ३३ टक्क्यांनी नियमच बदलले. तीन मतदारांपैकी दोघांना नको असलेला माणूस पक्षाचा उमेदवार होऊ शकतो, हे १९६९ने दाखवल्यावर राज्याने शहराच्या प्रायमरीसाठी ४० टक्क्यांची अट घातली. कुणालाच तेवढी मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. १९७३ मध्ये महापौरपदासाठी ही अट पहिल्यांदा लागू पडली, तेव्हा समोरासमोर आले बीम आणि बदियो; बीम जिंकले. १९७७ मध्ये एड कॉच आणि फॉरेस्ट हिल्सच्या मध्यस्थीने नावारूपाला आलेले मारिओ कुओमो यांच्यात दुसरी फेरी झाली आणि कॉच महापौर झाले. २०१९च्या सार्वमतात मतदारांनी ही पद्धतही बदलली, आणि २०२१ पासून न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत मतदार एकाऐवजी पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम लिहू लागले.